४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येच्या तपासणीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

या प्रकल्पासाठी एकच संख्या निवडली आहे: ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ती येते. २ च्या १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात; त्यांच्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मालिकेत हिचा नंबर त्यानंतरचा आहे. मालिका शून्यापासून मोजण्याची रीत असल्याने हिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात. आधीच्या पाचही संख्या मूळ आहेत, आणि तेवढ्यावरून पुढच्या सर्वही मूळच असाव्यात असे मत पिअर द फर्मा याने १६४० मध्ये पत्राने कळवले होते. गोल्डबाखने डिसेंबर १७२९ मध्ये ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवून ते मोडीत काढले.

म्हणजे निकाल जवळजवळ तीनशे वर्षांपासून सर्वांना ठाऊक आहे. मला निकाल शोधायचा नाही. संख्येचा एकेक गुणधर्म कशातून येतो ते पाहायचे आहे. त्यासाठी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: या वहीत लिहिलेले प्रत्येक विधान कागद-पेन्सिलीने पडताळता आले पाहिजे किंवा निदान त्याचा ताळा हाताने करता आला पाहिजे.

प्राथमिक तपासणी आजच उरकली. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणून ३ ने भाग जात नाही आणि ९ ने भागल्यास बाकी ५ उरते. शेवटचा अंक ७ असल्याने २ आणि ५ बाद. २ चे घात ७ ने भागले की बाकी २, ४, १ अशी फिरत राहते, त्यामुळे ३२ व्या घाताची बाकी ४ आणि आपल्या संख्येची ५. याच पद्धतीने ११ ची बाकीही ५ आणि १३ ची १० आली.

७ जानेवारी

संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे. सरळ मार्गाने जायचे तर तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल आणि त्या ६,५४२ आहेत. हा मार्ग वहीच्या नियमात बसत असला तरी माणसाच्या चिकाटीत बसणारा नाही.

विभाजक कोणत्या साच्याचा असू शकतो हे आधी ठरवले की काम कमालीचे घटते. समजा एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. त्या मूळ संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाकीपुरते पाहिले, तर २ चा ३२ वा घात उणे १ इतका आहे, म्हणून ६४ वा घात १ इतका आहे. २ च्या घातांच्या बाक्यांचे चक्र ६४ पायऱ्यांत पूर्ण होते आणि त्याआधी होत नाही, कारण चक्राची लांबी ६४ ला भागणारी असते, आणि ती ३२ किंवा त्याहून लहान असती तर ३२ व्या घाताला बाकी १ आली असती. फर्माच्याच लहान प्रमेयानुसार ही लांबी त्या मूळ संख्येहून १ ने कमी असलेल्या संख्येला निःशेष भागते. म्हणून प्रत्येक मूळ विभाजक ‘६४ ची पट अधिक १’ असाच असला पाहिजे.

१८७८ मध्ये ल्यूकाने यात आणखी एक पायरी चढवली. असा विभाजक ‘८ ची पट अधिक १’ या रूपाचाही असतो, आणि अशा मूळ संख्येच्या बाक्यांत २ हा कोणाचा तरी वर्ग असतो. २ चे चक्र ६४ लांबीचे असेल तर त्याच्या वर्गमुळाचे चक्र १२८ लांबीचे होते, आणि साचा ‘१२८ ची पट अधिक १’ इतका घट्ट होतो.

आता यादी पाहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांपैकी १२९ आणि ५१३ ला ३ ने भाग जातो, ३८५ ला ५ ने. उरल्या दोनच, २५७ आणि ६४१. त्यातही २५७ भागून पाहण्याची गरज नाही; तिच्या हिशेबात २ चा ८ वा घात उणे १ आहे, त्याचा चौथा घात १, म्हणून आपल्या संख्येची बाकी २. सहा हजारांवर भागाकारांचे काम एका भागाकारावर आले. हे वाचायला सोपे आहे, पण पहिल्यांदा स्वतः मांडले तेव्हा मी यादी दोनदा तपासली, कारण इतकी सवलत खरी वाटेना.

८ जानेवारी

तो एक भागाकार हाताने केला. भाज्य ४२९४९६७२९७, भाजक ६४१.

४२९४ मध्ये ६ वेळा, ३८४६ गेले, बाकी ४४८. पुढचा ९ खाली घेतला, ४४८९ झाले. ७ वेळा, ४४८७ गेले, बाकी फक्त २. नंतर ६ खाली घेतला, २६ झाले, भागात शून्य. ७ घेतला, २६७ झाले, पुन्हा शून्य. २ घेतल्यावर २६७२, त्यात ४ वेळा, बाकी १०८. ९ घेतल्यावर १०८९, त्यात १ वेळ, बाकी पुन्हा ४४८. शेवटचा ७ खाली आला आणि ४४८७ झाले, म्हणजे ६४१ च्या बरोबर सातपट. बाकी शून्य.

भागाकार ६७,००,४१७. मध्यावर ४४८९ असताना २ उरले होते आणि अखेरीस ४४८७ असताना काहीच उरले नाही. शेवटचा अंक ९ असता तर हीच पायरी फसली असती. नवाचा ताळाही, म्हणजे ९ ने भागून उरणाऱ्या बाक्यांचा ताळा, जुळतो: ६४१ चे २, ६७००४१७ चे ७, गुणाकार १४ म्हणजे ५, आणि आपल्या संख्येचेही ५.

११ जानेवारी

भागाकार न करताही हे दिसते आणि ती मांडणी वहीत असायलाच हवी. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते. एक, ५ गुणिले १२८ अधिक १. दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीपुरताच विचार करू. पहिल्या रूपावरून ५ गुणिले २ चा ७ वा घात म्हणजे उणे १. दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे १. पण दुसऱ्या रूपावरून ५ चा चौथा घात म्हणजे उणे (२ चा चौथा घात); तो तिथे ठेवला की उणे (२ चा ३२ वा घात) म्हणजे १. त्यात इकडचे तिकडे केले की झाले.

सुंदर आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर ही सिद्धता ६४१ सापडल्यावर सुचणारी आहे. ६४१ कुठून आणावा हे ती सांगत नाही; ते काम ७ तारखेच्या नोंदीतल्या साच्याचे आहे.

१२ जानेवारी

६७,००,४१७ मूळ आहे का? तिचा कोणताही विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असल्याने तोच साचा इथेही लागू होतो. तिचे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्यामध्ये आहे. तिथपर्यंत ‘१२८ ची पट अधिक १’ या रूपाच्या २० संख्या येतात आणि त्यांत मूळ पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या. एकीनेही भाग गेला नाही, म्हणून ती मूळ आहे. पाच भागाकारांत सात अंकी संख्येचा निकाल लागला.

विभाजक चारच: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. त्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६.

१६ जानेवारी

संगणकावर ताळा घेण्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि संख्या छापून पाहिली, तर पडद्यावर १ आला. चूक माझीच होती. चल ३२-बिटी घेतला होता. त्यात २ च्या ३२ व्या घाताला जागाच नसते, तो गळून पडतो आणि मागे उरतो तो वर मिळवलेला १.

मात्र या चुकीतून एक गुणधर्म हाती लागला. ३२-बिटी अंकगणितात ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार १ येतो, म्हणजे त्या जगात या दोन संख्या एकमेकींच्या व्यस्त आहेत. ६,४१,००० ला ६४१ ने भागायचे असेल तर भागायचे नाही, ६७,००,४१७ ने गुणायचे. जास्तीचे सगळे गळून १,००० उरतात. ज्यांना निःशेष भाग जातो अशा सर्व ३२-बिटी संख्यांना ही युक्ती चालते. भाग जात नसेल तर येणाऱ्या उत्तराला भागाकार म्हणून अर्थ नसतो.

१९ जानेवारी

आज ६४-बिटी चल घेऊन फर्माची कसोटी लावली. कसोटी अशी: संख्या मूळ असेल, तर तिच्याहून १ ने कमी इतका २ चा घात घेऊन त्याच संख्येने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. आपल्या संख्येहून १ ने कमी म्हणजे २ चा ३२ वा घात, म्हणून नुसते ३२ वेळा वर्ग करीत जायचे आणि प्रत्येक वेळी बाकी ठेवायची.

बाक्या अशा आल्या: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि त्यापुढे ०, ०, ०. शून्य येणे शक्यच नाही. आपली संख्या विषम आहे, तिला २ च्या कोणत्याही घाताला निःशेष भागता येणार नाही.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. चिन्हविरहित ६४-बिटी चलात मावणारी सर्वांत मोठी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ आहे. आपल्या हिशेबातली सर्वांत मोठी बाकी ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात, आणि तिचा वर्ग २ चा ६४ वा घात, १८४४६७४४०७३७०९५५१६१६. मर्यादेपेक्षा बरोबर १ ने जास्त. तिच्याहून १ ने लहान असलेल्या बाकीचा वर्ग १८४४६७४४०६५११९६१७०२५ आहे आणि तो निमूट मावतो. शक्य असलेल्या चार अब्जांहून अधिक बाक्यांपैकी एकाच बाकीचा वर्ग ओसंडतो, आणि ती बाकी नेमकी उणे १ ची आहे, जिची वाट मूळपणाच्या कसोट्या पाहत असतात. यदृच्छेने घेतलेल्या बाक्यांवर प्रोग्रॅम कितीही तपासला असता तरी ही चूक बहुधा कधीच सापडली नसती.

दुरुस्ती साधी आहे: ही बाकी आली की वर्ग न करता १ लिहायचा.

२० जानेवारी

दुरुस्तीनंतर सहाव्या वर्गापासून सगळीकडे १ आला, म्हणजे संख्या २ पायाच्या कसोटीत उत्तीर्ण झाली आणि तरीही ती मूळ नाही. यात योगायोग नाही. २ च्या घातांचे चक्र ६४ पायऱ्यांचे आहे आणि २ चा ३२ वा घात ६४ ने निःशेष भागला जातो, त्यामुळे चक्र बरोबर १ वर येऊन थांबते. फर्मा मालिकेतली प्रत्येक संख्या याच कारणाने या कसोटीत उत्तीर्ण होते. २ हा पाया इथे साक्षीदार म्हणून निरुपयोगी आहे, कारण तो संख्येच्या घरचाच आहे.

२५ जानेवारी

म्हणून पाया ३ घेतला. १८७७ मध्ये पेपँने दिलेली कसोटी सांगते की १ पासून पुढच्या क्रमांकाची फर्मा संख्या मूळ असेल तर आणि तरच, तिच्याहून १ ने कमी असलेल्या संख्येच्या निम्म्या इतका ३ चा घात घेतल्यास बाकी उणे १ उरते. आपल्यासाठी निम्मे म्हणजे २ चा ३१ वा घात; ३ पासून ३१ वेळा वर्ग.

पहिल्या पायऱ्या हाताने केल्या: ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१. पाचवा वर्ग १८५३०२०१८८८५१८४१. त्याला आपल्या संख्येने भागले, भाग ४३१४३९, बाकी ३७९३२०१४५८. नवाचा ताळा: भागाचे ६, संख्येचे ५, गुणाकार ३० म्हणजे ३, बाकीचे ६, बेरीज ९, म्हणजे शून्य, आणि ३ च्या घाताचे शून्यच यायला हवे होते.

पुढचे काम आळसाने स्प्रेडशीटवर टाकले आणि तिथे फसलो. सहावा वर्ग २० अंकी आहे, स्प्रेडशीट मात्र पहिले १५ अंकच नीट सांभाळते. शेवटच्या पाच अंकांच्या जागी शून्ये बसली आणि बाकी निव्वळ कचरा आली. बाकीचा प्रश्न असतो तेव्हा शेवटचे अंकच महत्त्वाचे असतात. ताळा जुळेना तेव्हा लक्षात आले.

२६ जानेवारी

दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमने ३१ वर्गांनंतरची बाकी दिली: १,०३,२४,३०३. हवी होती ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा एकही विभाजक माहीत नसता तरी संख्या संयुक्त ठरली असती. आणखी एक वर्ग केला तर ३,०२,९०,२६,१६० येतात, १ नव्हे. म्हणजे फर्माने आपलेच प्रमेय ३ घेऊन वापरले असते तर त्याचे मत त्यालाच मागे घ्यावे लागले असते. बत्तीस वर्ग आणि तितकेच भागाकार हाताने करणे कंटाळवाणे आहे, पण त्या काळच्या गणितींनी याहून मोठे हिशेब केलेले आहेत.

नियमाप्रमाणे हाताने ताळा हवा. ६४१ च्या हिशेबात ३ च्या घातांची बाकी दर ६४० पायऱ्यांनी पुन्हा तीच येते आणि २ चा ३१ वा घात ६४० ने भागल्यास १२८ उरतात; म्हणून ३१ नव्हे, सातच वर्ग पुरतात: ९, ८१, १५१, ३६६, ६२८, १६९, ३५७. इकडे १,०३,२४,३०३ ला ६४१ ने भागले, बाकी ३५७. जुळले. कालच्या ३७९३२०१४५८ ची बाकीही ६२८ येते, यादीतल्या पाचव्या जागेवरची.

२ फेब्रुवारी

संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत आवडलेला भाग आज सापडला. आपली संख्या ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, हे उघड आहे. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच प्रकारे असते. तेव्हा दुसरा प्रकार दाखवता आला तर तो संयुक्तपणाचा स्वतंत्र पुरावा होईल.

६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७,००,४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग: ६५,३३,१३६ अधिक १,६७,२८१. दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. ज्या नित्य समानतेने हे घडते तिचे व्यापक रूप ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले होते. तिच्यात चार गुणाकार लागतात: २५ गुणिले २५५६ म्हणजे ६३,९००, ४ गुणिले ४०९ म्हणजे १,६३६, २५ गुणिले ४०९ म्हणजे १०,२२५, आणि ४ गुणिले २५५६ म्हणजे १०,२२४.

पहिल्या दोघांची बेरीज ६५,५३६ आणि शेवटच्या दोघांची वजाबाकी १. हा झाला आपला ओळखीचा प्रकार. आता बेरीज आणि वजाबाकीची अदलाबदल केली: ६३,९०० उणे १,६३६ म्हणजे ६२,२६४, १०,२२५ अधिक १०,२२४ म्हणजे २०,४४९. हा दुसरा प्रकार. वर्ग करून पाहिले: ३,८७,६८,०५,६९६ अधिक ४१,८१,६१,६०१, बेरीज ४,२९,४९,६७,२९७. वर २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग निघाला. ही निव्वळ गंमत आहे, यामागे मला काही कारण दिसलेले नाही.

संख्येच्या शेपटीला लटकलेला १ कुठून येतो, तर १०,२२५ आणि १०,२२४ या शेजाऱ्यांच्या फरकातून. बराच वेळ त्या दोन ओळी नुसत्या पाहत बसलो.

३ फेब्रुवारी

उलटा रस्ताही पक्का केला. ही युक्ती ऑयलरची. दोन प्रकार माहीत आहेत, विभाजक नाहीत असे धरायचे. ६५,५३६ आणि ६२,२६४ यांचा फरक ३,२७२, बेरीज १,२७,८००. २०,४४९ आणि १ यांचा फरक २०,४४८, बेरीज २०,४५०. दोन फरकांचा मसावि ८, दोन बेरजांचा मसावि ५०. त्यांची निमपट ४ आणि २५. वर्गांची बेरीज १६ अधिक ६२५, म्हणजे ६४१.

९ फेब्रुवारी

शेवटचा मुद्दा भूमितीचा. केवळ पट्टी आणि कंपास वापरून कोणते सुसम बहुभुज काढता येतात याची पुरेशी अट गाऊसने १८०१ मध्ये दिली आणि तीच आवश्यकही आहे हे वाँत्सेलने १८३७ मध्ये दाखवले: बाजूंची संख्या २ चा घात, किंवा वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार, किंवा या दोहोंचा गुणाकार असली पाहिजे.

पहिल्या पाच फर्मा संख्यांचा, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो, आपल्या संख्येहून २ ने कमी. विषम बाजूंचा, काढता येतो असे माहीत असलेला सर्वांत मोठा सुसम बहुभुज हाच. त्याच्या पुढची ४,२९,४९,६७,२९६ ही २ चा ३२ वा घात आहे, म्हणून तितक्या बाजूंचा बहुभुजही तत्त्वतः काढता येतो. नुसते कोन दुभागत जायचे. त्याहून एक बाजू जास्त मागितली की रस्ता बंद. अडसर ६४१ मध्येच आहे: तिच्यातून १ वजा केला की १२८ गुणिले ५ उरतात, आणि तो ५ कंपासला पार करता येत नाही. ६७,००,४१७ मधून १ वजा केल्यावर तर १२८, ३ आणि १७,४४९ यांचा गुणाकार उरतो, आणि त्यातला ३ सुद्धा तितकाच आडवा येतो.